छत बोलते, पण थांबायचे कोणी?

६ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, पाथाखेडा येथील छतरपूर-१ या भूमिगत कोळसा खाणीत छताचा एक भाग कोसळला आणि त्याखाली सापडून तीन जणांचा मृत्यू झाला. ही खाण वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडची, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या सार्वजनिक कंपनीची. मृत्यू पावलेल्या तिघांची पदे पाहिली की ही घटना नेहमीच्या अपघातांहून अधिक अस्वस्थ करते. त्यांत एक पाळीप्रमुख होते, एक ओव्हरमन आणि एक मायनिंग सरदार. खाणीच्या कायद्यानुसार छताच्या सुरक्षिततेची राखण ज्यांनी करायची, ती ही माणसे. छत धोक्याचे आहे की नाही हे ज्यांनी ठरवायचे, त्यांच्याच अंगावर ते आले.

याआधी तीन वर्षांपूर्वी, मार्च २०२२ मध्ये, तेलंगणातील सिंगरेणी कंपनीच्या अड्रियाला खाणीतही असेच घडले होते. तेथेही तीन जण दगावले आणि त्यांत सुरक्षा अधिकाऱ्याचा समावेश होता. अड्रियाला ही देशातील सर्वाधिक यांत्रिकीकरण झालेल्या भूमिगत खाणींपैकी एक मानली जाते. अप्रशिक्षित कामगार, जुनाट साधने आणि दुर्लक्षित खाण ही अपघाताची नेहमीची स्पष्टीकरणे या दोन्ही ठिकाणी पुरी पडत नाहीत. मग जाणकार माणसे, आधुनिक यंत्रे आणि लेखी नियम हे सारे हाताशी असताना छत का कोसळते, असा प्रश्न उरतो. येत्या काही वर्षांत देशाला पुन्हा मोठ्या प्रमाणावर भूगर्भात उतरायचे असल्याने या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.

आधी छत म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कोळशाचा थर हा वालुकाश्म आणि शेल यांच्या थरांमध्ये दबलेला असतो. आपल्याकडील बहुतेक भूमिगत खाणींत थरामध्ये एकमेकांना छेदणारे बोगदे काढतात आणि मधले कोळशाचे चौकोनी खांब तसेच सोडतात. या बोगद्यांना खाणीच्या भाषेत गॅलरी म्हणतात. नियमांनुसार गॅलरीची रुंदी सर्वसाधारणपणे ४.८ मीटरपेक्षा अधिक असू नये. कोळसा निघाला की त्याच्यावरचा खडक आयुष्यात प्रथमच आधारावाचून उभा राहतो. कोट्यवधी वर्षे चारी बाजूंनी दाबलेला थर अचानक एका बाजूने मोकळा होतो, किंचित खाली झुकतो, थरांमधल्या सांध्यांत फट पडू लागते. त्यात आडवीतिडवी भेग असेल, पाणी झिरपत असेल किंवा हवेतील ओलाव्याने शेल भुसभुशीत झाला असेल, तर तो तुकडा सुटतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा वालुकाश्माचा तुकडा सव्वा टनाच्या आसपास भरतो. डोक्यावरचे हेल्मेट अशा वजनासाठी बनवलेले नसते.

छत कोसळण्यापूर्वी बहुधा काही ना काही सांगते. जुने खाणकामगार काठीने छत ठोकून पाहत. घट्ट खडकाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या थराचा पोकळ येतो. सालाच्या लाकडाचे टेकू दाब वाढला की करकरत आणि तो आवाज ऐकून माणसे मागे सरत. झारखंडच्या खाणपट्ट्यात छत कोसळण्याला ‘चाल धसणे’ म्हणतात. आता लाकडी टेकूंची जागा बहुतांशी पोलादी रूफ बोल्टने घेतली आहे. छतात भोक पाडून त्यात रेझिन किंवा सिमेंटच्या कॅप्सूल सरकवतात आणि बोल्ट बसवून थर एकमेकांना टाचून टाकतात. वह्यांची सुटी पाने दाभणाने शिवावीत तसे हे काम आहे. शिवलेला गठ्ठा एकेका पानापेक्षा कितीतरी अधिक भार पेलतो. छताची हालचाल मोजण्यासाठी ‘टेलटेल’ नावाचे साधे उपकरण असते. त्यावरील रंगीत पट्टे छत किती मिलिमीटर खाली आले ते दाखवतात.

म्हणजे ज्ञान आहे आणि साधनेही आहेत. शिवाय ती परदेशातून उसनी आणलेलीच आहेत असेही नाही. धनबाद येथील केंद्रीय खाण संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात भारतीय कोळसा खाणींच्या छतांचे गुणांकन करण्याची पद्धत विकसित केली. थरांची जाडी, भेगा, खडकाची ताकद, पाण्यात टिकण्याची क्षमता आणि झिरपणारे पाणी या पाच निकषांवर छताला शंभरपैकी गुण द्यायचे आणि त्यानुसार आधाराची आखणी करायची, अशी ती पद्धत. २०१७ मध्ये आलेल्या कोळसा खाण विनियमांनी प्रत्येक भूमिगत खाणीला छत नियंत्रणाची आणि देखरेखीची लेखी योजना सक्तीची केली. आधाराविना छताखाली कोणीही जाऊ नये हे तत्त्व तर त्याहूनही जुने आहे. कागदावर पाहिले, तर छतरपूरसारखी घटना घडायलाच नको.

ती घडते, कारण छत उघडे पडणे आणि त्याला आधार मिळणे यांमध्ये काही मिनिटांचा किंवा काही तासांचा कालावधी असतो. खाणकामगार ज्याला ताजे छत म्हणतात, ते हेच. सर्वाधिक धोका कापणीच्या तोंडाशी, या कालावधीत असतो. तो किती ठेवायचा, बोल्ट बसेपर्यंत कापणीयंत्र थांबवायचे की पुढचा काप घ्यायचा, पोकळ आवाज आला तर माणसे मागे घ्यायची की बाजूने काम उरकायचे, हे निर्णय खडक घेत नाही. ते पाळीतील माणसे घेतात. आणि त्या पाळीचा हिशेब दिवसाच्या शेवटी टनांमध्ये होतो.

येथे आपल्या व्यवस्थेतील मूळ विसंगती आहे. सरदाराला धोक्याच्या जागेतून माणसे बाहेर काढण्याचा अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. परंतु ज्या पाळीचे उत्पादन कमी झाले तिला जाब विचारला जातो, ज्या पाळीत काहीच घडले नाही तिला शाबासकी मिळत नाही. टळलेला अपघात कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. वाया गेलेला तास मात्र दिसतो. अशा तराजूत अनुभवी माणूसही रोज थोडी थोडी जोखीम पत्करायला शिकतो. दहा वेळा काही होत नाही. अकराव्या वेळी झाले की चौकशी अहवालात ‘मानवी चूक’ असे लिहिले जाते आणि चूक करणारा माणूस उत्तर द्यायला हयात नसतो.

दुसरी विसंगती आपल्या स्मरणशक्तीची आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चसनाला खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार बुडाले. त्या घटनेने देश हादरला, चौकशी न्यायालय बसले, पुढे तिच्यावर बेतलेला ‘काला पत्थर’ हा हिंदी चित्रपटही आला. १९६५ मध्ये धोरी खाणीतील स्फोटात २६८ जण मेले, १९५८ मध्ये चिनाकुडीत पावणेदोनशेच्या आसपास. या घटना इतिहासात नोंदल्या गेल्या आणि त्यांतून नियम घडले. छत मात्र माणसे एकेकटी किंवा दोन-तीन अशी नेते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परिभाषेत दहा किंवा अधिक मृत्यू झाले तरच ती ‘डिझास्टर’ ठरते. छत कोसळून मेलेले जवळजवळ सगळेच या व्याख्येच्या बाहेर राहतात. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत भूमिगत कोळसा खाणींतील मृत्यूंचे सर्वात मोठे कारण छत आणि बाजूच्या भिंती कोसळणे हेच राहिले आहे. तरीही त्यावर चित्रपट निघाला नाही आणि संसदेत मोठी चर्चा झाल्याचेही कोणाला आठवत नाही. १९५२च्या खाण कायद्याने जीवितहानी झालेल्या अपघातासाठी जाहीर चौकशी न्यायालय नेमण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. सरकारने तो वापरला तो प्रामुख्याने मोठ्या दुर्घटनांसाठी. एका-दोघांच्या मृत्यूची चौकशी खात्यांतर्गत होते. तिचा निष्कर्ष शेजारच्या खाणीतील सरदारापर्यंत पोहोचलाच तर एखाद्या परिपत्रकातील ओळ म्हणून पोहोचतो.

जे मरत नाहीत, त्यांची नोंद तर आणखी पुसट. १९५२चा खाण कायदा इजांचे वर्ग करत असे. हाड मोडले, अवयव किंवा दृष्टी गेली, तर ती गंभीर इजा. त्याहून कमी असेल, तर माणसाला ७२ तास किंवा अधिक काळ कामावर येता आले नाही तरच ती नोंदवण्याजोगी. छताचा तुकडा पाठीवर वा खांद्यावर पडून कायमचे अधू झालेले कामगार कोळसा पट्ट्यातील प्रत्येक वसाहतीत भेटतात. कायम कामगाराच्या बाबतीत ही गैरहजेरी हजेरीपटावर उमटते. कंत्राटी कामगाराच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा राहिला, तर ७२ तास मोजायचे कोणी? कोळसा कंपन्यांतील वेतन करारांनुसार कायम कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास त्याच्या वारसाला नोकरीची तरतूद आहे. कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला तसा आधार नाही. झारखंड आणि पश्चिम बंगालमधील सोडून दिलेल्या खाणींत चोरून कोळसा काढणाऱ्यांवर चाल धसते, तेव्हा अनेकदा मृतदेहही गुपचूप नेले जातात. ते तर कोणत्याच खात्याच्या वहीत येत नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. खाणी आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. १९५०च्या दशकात देशातील कोळसा खाणींत दरवर्षी सरासरी तीनशेच्या जवळपास माणसे मरत. १९९०च्या दशकात हा आकडा सुमारे १७० वर आला आणि पुढे तो आणखी घटला. या काळात उत्पादन कित्येक पटींनी वाढले. राष्ट्रीयीकरण, निरीक्षण, प्रशिक्षण आणि रूफ बोल्ट या सर्वांचा त्यात वाटा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. पण आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते. आपण भूगर्भातून बाहेर आलो. राष्ट्रीयीकरणाच्या सुमारास देशातील बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून येई. २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यात भूमिगत खाणींचा वाटा शंभर टनांमागे जेमतेम तीन-चार टन होता. बाकी सारा कोळसा उघड्या खाणींतला. जिथे डोक्यावर छतच नाही, तिथे छत कोसळून माणूस मरत नाही. तिथले धोके वेगळे आहेत. सुधारलेल्या आकड्यांतील काही भाग हा छतावर मिळवलेला विजय आहे आणि काही भाग केवळ छताखालून दूर जाणे आहे. हे दोन भाग वेगळे करून पाहिल्याशिवाय पुढचे धोरण आखणे धोक्याचे ठरेल.

कारण आता दिशा उलटते आहे. उघड्या खाणींना जमीन लागते, जंगल लागते, गावे उठवावी लागतात. आणि वरवरचा कोळसा संपत चालला की खोल जाण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणून २०३० पर्यंत भूमिगत उत्पादन दहा कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्रीय कोळसा मंत्रालयाने ठेवले आहे. आजच्या उत्पादनाच्या ते जवळपास तिप्पट आहे. जमीन आणि जंगल यांच्या दृष्टीने हे धोरण चुकीचे म्हणता येणार नाही. या वाढीचा मुख्य आधार आहे ‘कंटिन्युअस मायनर’ हे यंत्र. ते सुरुंगाशिवाय कोळसा कापते आणि कामगाराला प्रत्यक्ष कापणीच्या तोंडापासून काही अंतरावर ठेवते, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या हालचालीसाठी गॅलरी अधिक रुंद ठेवावी लागते, आणि थरांचे छत तुळईसारखे वागत असल्याने रुंदी वाढली की त्यातील ताण रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यंत्राचा कापण्याचा वेग बोल्ट बसवण्याच्या वेगाहून जास्त असतो. भाड्याने किंवा कंत्राटावर आणलेल्या महागड्या यंत्राचा प्रत्येक रिकामा तास हिशेबात नुकसान म्हणून दिसतो. ताज्या छताचा तो कालावधी लांबवण्याचा मोह यंत्राच्या अर्थकारणातच दडलेला आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव नोंद घेण्यासारखा आहे. तेथील कोळसा खाणींत रूफ बोल्ट १९४०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि पाहता पाहता सर्वत्र पसरले. छताचे बळी आता संपतील, अशी अपेक्षा होती. पुढची दहा-पंधरा वर्षे तसे झाले नाही. बोल्टमुळे लाकडी खांबांची अडगळ गेली, मोठी यंत्रे आत आली आणि सुरक्षिततेतील नफा उत्पादनवाढीत खर्च झाला. मृत्यू खऱ्या अर्थाने घटू लागले ते १९६९च्या संघीय कायद्यानंतर. त्या कायद्याने प्रत्येक भूमिगत खाणीची वर्षातून चार वेळा संपूर्ण तपासणी आणि प्रत्येक खाणीसाठी मंजूर छत-नियंत्रण योजना सक्तीची केली. पुढे यंत्रांवर स्वयंचलित तात्पुरता आधार बसवणे बंधनकारक झाले. अखेर २०१६ हे तेथील भूमिगत कोळसा खाणींत छत कोसळून एकही मृत्यू न झालेले पहिले वर्ष ठरले. तंत्र आणि निर्धास्तपणे अंमलबजावणी करणारी यंत्रणा या दोहोंची जोड मिळायला तेथे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. तो सारा काळ आपण नव्याने घालवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कायद्याची चौकट नुकतीच बदलली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने १९५२च्या खाण कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यात तरतुदींच्या भंगामुळे जीव गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. नव्या संहितेत दंड किमान पाच लाख रुपये आहे आणि त्यातील निम्मा किंवा अधिक भाग पीडिताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण दंड हा मृत्यूनंतरचा विषय. मृत्यूपूर्वीच्या त्या काही मिनिटांबद्दल संहिता काय म्हणते? तात्काळ धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क ती कर्मचाऱ्याला देते. मालकाला धोका पटला नाही, तर प्रकरण निरीक्षकाकडे जाते आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. कार्यालयात बसून वाचताना ही प्रक्रिया वाजवी वाटते. कित्येकशे मीटर आत, झुकत्या छताखाली उभ्या माणसासाठी ती फार लांबची आहे. निरीक्षकांची संख्या अपुरी असताना तर अधिकच.

म्हणून काही गोष्टी आत्ताच, दहा कोटी टनांच्या वाटेवर फार पुढे जाण्याआधी व्हायला हव्यात. पहिली म्हणजे, छत कोसळून झालेल्या प्रत्येक मृत्यूचा आणि गंभीर इजेचा चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावा, तोही खाणपट्ट्यातील भाषांमध्ये. छताला किती गुण होते, बोल्ट किती अंतरावर होते, शेवटचा बोल्ट आणि कापणीचे तोंड यांत किती मीटर मोकळे होते, टेलटेल काय दाखवत होते, एवढे तपशील जरी उघड झाले तरी शेजारच्या खाणी शिकतील. दुसरी, काम थांबवणाऱ्या सरदाराला आणि ओव्हरमनला संरक्षण हवे. त्यांनी थांबवलेला वेळ पाळीच्या उत्पादनातून वगळून मोजला जावा आणि तशी स्वतंत्र नोंदवही असावी. ज्या खाणीत वर्षभरात एकदाही काम थांबले नाही, तिच्याबद्दल कौतुक नव्हे तर शंका वाटली पाहिजे. तिसरी, यंत्र आणि बोल्ट यांचे करार एकत्र व्हावेत. केवळ काढलेल्या टनांवर मोबदला देणारा करार कापणीला घाई शिकवतो. बसवलेल्या आणि तपासलेल्या आधाराचीही त्यात किंमत धरली पाहिजे. चौथी, कंत्राटी कामगाराची इजा ही खाणमालकाच्याच नोंदीत यावी आणि सुरक्षा समितीत त्याला जागा असावी.

यांपैकी कशासाठीही नवे संशोधन लागत नाही. खर्च लागेल, आणि काही दिवशी उत्पादन कमी निघेल. देशाला वीज हवी आहे हे खरे. पण विजेच्या दरात दगडाखाली गेलेल्या माणसाची किंमत धरलेली नसते. ती किंमत बैतूल, रामगुंडम, चंद्रपूर, धनबाद येथील घरे भरतात.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आजही एक माणूस इतरांच्या आधी आत जातो, दिवा वर करतो, काठीने छत ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. खडक काय सांगतो हे त्याला कळते. ते त्याचे शिक्षण आहे. ऐकल्यावर ‘आज इथे काम नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला खरोखर आहे का, हे मात्र त्याच्या हाती नाही. ते दिल्लीत, कोलकात्यात आणि नागपुरात ठरते. दहा कोटी टनांचे उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी त्या एका वाक्याची हमीही त्याच कागदावर लिहून द्यायला हवी.